आयईएलटीएस लेखन परीक्षेतील ६० मिनिटे कशी वापरावीत?

इंग्रजी लेखनाचा पेपर देऊन बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येते : "येत सगळे होते, पण वेळ पुरला नाही." थोडी खोलात चौकशी केली की बहुतेकांची हकिगत सारखीच निघते. काय लिहायचे हे पक्के होण्याआधीच लिहायला सुरुवात झालेली असते, दुसऱ्या परिच्छेदात पोहोचल्यावर मत बदलते, तीन ओळी खोडाव्या लागतात, प्रश्न पुन्हा वाचावा लागतो आणि शेवटचा परिच्छेद अर्ध्या वाक्यावर तुटतो. त्यामुळे या लेखात वेगाने लिहिण्याच्या युक्त्या फारशा सापडणार नाहीत. लिहिण्यापूर्वी कोणते निर्णय घ्यायचे, कोणत्या मिनिटाला घ्यायचे आणि एकदा घेतले की ते का मोडायचे नाहीत, हाच त्याचा विषय आहे. उदाहरणासाठी आयईएलटीएस या इंग्रजीचे ज्ञान तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा पेपर घेतला आहे, कारण प्रथमच परीक्षा देणाऱ्यांची सर्वाधिक धावपळ तिथेच होते.

आधी पेपरची रचना नीट समजून घ्यावी. लेखनासाठी एकूण ६० मिनिटे मिळतात आणि त्यात दोन उत्तरे लिहायची असतात. पहिले, म्हणजे टास्क वन, किमान १५० शब्दांचे असते. अ‍ॅकॅडेमिक परीक्षेत त्यात आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखाद्या प्रक्रियेच्या आकृतीचे वर्णन करायचे असते, तर जनरल ट्रेनिंगमध्ये, म्हणजे परीक्षेच्या दुसऱ्या प्रकारात, पत्र लिहायचे असते. दुसरे, म्हणजे टास्क टू, किमान २५० शब्दांचा निबंध असतो. पहिल्यासाठी सुमारे २० आणि दुसऱ्यासाठी सुमारे ४० मिनिटे द्यावीत, अशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच छापलेली असते. मात्र ती केवळ सूचना असते. २० मिनिटे संपली म्हणून कोणी पहिले उत्तर हातातून काढून घेत नाही, आणि बहुतेकांचे घोडे इथेच पेंड खाते. दुसऱ्या टास्कला पहिल्याच्या दुप्पट महत्त्व असते. पहिल्या उत्तरावर आठ मिनिटे जास्त घालवून तिथे अर्धा बँड (बँड म्हणजे या परीक्षेतली गुणांची पायरी) मिळवला आणि त्या आठ मिनिटांच्या टंचाईमुळे निबंधात अर्धा बँड घालवला, तर हा व्यवहार तोट्याचाच ठरतो.

शब्दसंख्येबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. किमान मर्यादेपेक्षा कमी लिहिल्यास त्याचा फटका गुणांना बसतो. प्रश्नातील वाक्ये जशीच्या तशी उतरवली तर ते शब्द मोजणीत धरले जात नाहीत. जास्त शब्द लिहिले म्हणून शिक्षा होत नाही, पण बक्षीसही मिळत नाही, आणि ३५० शब्दांच्या निबंधात चुकांना जागा मात्र भरपूर मिळते. म्हणून दुसऱ्या उत्तरासाठी २६० ते २८० आणि पहिल्यासाठी १६० ते १७५ शब्द हे लक्ष्य मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

स्वतःचा वेग मोजून घेणे

परीक्षेच्या काही आठवडे आधी, पहिल्याच दिवशी करायचे काम म्हणजे दोन मोजमापे घेणे. कोणताही इंग्रजी मजकूर समोर ठेवावा आणि पाच मिनिटे तो नुसता उतरवून काढावा. परीक्षा कागदावर द्यायची असेल तर हाताने, संगणकावर द्यायची असेल तर कळफलकावर. त्यानंतर एखादा सोपा विषय घेऊन स्वतःच्या मनाने दहा मिनिटे लिहावे. दोन्ही वेळी मिनिटाला किती शब्द झाले ते काढावे. उतरवण्याचा वेग मिनिटाला १८ शब्द आणि स्वतः लिहिण्याचा वेग १० शब्द निघाला, तर मधला फरक हात चालण्याचा नाही, विचार जुळवण्याचा आहे, हे लगेच लक्षात येते. अशा माणसाने सुलेखनाचा किंवा टंकलेखनाचा सराव करत बसण्यात काही हशील नाही. उलट दोन्ही आकडे ११-१२ च्या आसपास असतील, तर मात्र हातालाच वळण लावले पाहिजे. त्यासाठी रोज पंधरा मिनिटे नुसते उतरवून काढण्याचा सरावही उपयोगी पडतो.

कागदावर लिहिणाऱ्यांनी आणखी एक माप घेऊन ठेवावे. आपल्या अक्षरात एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात, हे चार-पाच ओळी मोजून पाहावे. ते नऊ भरले, तर २७० शब्द म्हणजे ३० ओळी, असा हिशेब कायमचा पाठ होतो आणि ऐन परीक्षेत बोटाने शब्द मोजण्यात जाणारी दोन-तीन मिनिटे वाचतात. संगणकावरील परीक्षेत शब्दसंख्या आणि उरलेला वेळ दोन्ही पडद्यावर दिसतात, त्यामुळे तिथे हे काम करावे लागत नाही. मात्र दर दोन वाक्यांनंतर त्या आकड्याकडे पाहण्याची खोड लागते आणि तीही वेळखाऊच असते.

सराव करताना मोबाइलचा टायमर लावू नये. परीक्षागृहात मोबाइल तर नसतोच, मनगटी घड्याळही बाहेर ठेवावे लागते. कागदावरची परीक्षा असेल तर भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वर करून पाहायचे असते, म्हणून सरावही तसाच करावा. पेपर सुरू होताच प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात घड्याळातल्या तीन वेळांची नोंद करून ठेवावी. पेपर ११:१० ला सुरू झाला असेल, तर ११:३०, ११:३६ आणि १२:०४ : पहिले उत्तर संपण्याची वेळ, निबंधाचा आराखडा संपण्याची वेळ आणि तपासणी सुरू करण्याची वेळ. बेरीज-वजाबाकी डोकं ताजे असतानाच उरकलेली बरी. चाळिसाव्या मिनिटाला "अजून किती राहिले?" हा साधा प्रश्नही अवघड वाटू लागतो.

आधी कोणते उत्तर लिहावे?

यावर दोन मते आहेत. निबंधाला दुप्पट महत्त्व असल्याने तो आधी लिहावा, असे काही शिक्षक सांगतात. छोट्या उत्तराने हात मोकळा होतो, म्हणून क्रमानेच जावे, असे इतर म्हणतात. क्रम बदलण्यास परीक्षेची हरकत नसते. कागदावर प्रत्येक उत्तर त्याच्यासाठी दिलेल्या पानावरच लिहायचे, एवढे सांभाळले की झाले. माझे मत असे की सरावाच्या पाचपैकी तीन पेपरांत पहिल्या उत्तराने २२ मिनिटांहून अधिक वेळ खाल्ला असेल, तर निबंध आधी लिहावा. ज्यांना वेळेची शिस्त पाळता येते त्यांनी छापील क्रम सोडण्याचे कारण नाही. हा निर्णय घरी करून जावा, परीक्षेच्या खुर्चीवर बसून त्यावर विचार करू नये. मी स्वतः पहिल्या सराव परीक्षेत आलेखातला एकही आकडा सोडायचा नाही अशा हट्टाने २९ मिनिटे घालवली होती आणि निबंधाचा समारोप लिहायचाच राहून गेला. त्या आलेखाचे वर्णन मात्र फार सुंदर झाले होते.

निबंधाची ४० मिनिटे

या ४० मिनिटांचे तीन वाटे करावेत : आराखड्यासाठी ६, लेखनासाठी २८ आणि तपासणीसाठी ६. नवख्या परीक्षार्थीला पहिली सहा मिनिटे न लिहिता बसणे अशक्यप्राय वाटते, कारण शेजारच्या बाकावरचा लेखणी चालवू लागलेला दिसतो. तिकडे दुर्लक्ष करावे. या सहा मिनिटांत काय काय करायचे, हे एका उदाहरणाने सविस्तर पाहू. समजा, प्रश्न असा आहे : अनेक सार्वजनिक ग्रंथालये छापील पुस्तकांवरील खर्च कमी करून तो पैसा संगणक आणि डिजिटल साहित्याकडे वळवत आहेत, या बदलाचे फायदे तोट्यांपेक्षा अधिक आहेत का?

पहिल्या मिनिटात प्रश्न दोनदा वाचावा आणि दोन प्रकारच्या शब्दांखाली रेघ मारावी. एक, विषयाला कुंपण घालणारे शब्द; इथे "सार्वजनिक ग्रंथालये" आणि "खर्च". दुसरे, काय करायचे ते सांगणारे शब्द. इथे "फायदे तोट्यांपेक्षा अधिक आहेत का". कुंपणाकडे लक्ष न दिल्यास निबंध हमखास इंटरनेटच्या फायद्यांवर घसरतो, आणि असा निबंध भाषेच्या दृष्टीने कितीही निर्दोष असला तरी प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणून त्याचे गुण कमी होतात. दुसऱ्या प्रकारच्या शब्दांकडे लक्ष न दिल्यास फायदे आणि तोटे यांची नुसती यादी होते, पण निवाडा दिला जात नाही.

दुसऱ्या मिनिटात बाजू ठरवावी. इथे एक जरा निर्लज्ज सल्ला द्यावासा वाटतो : आपल्याला मनापासून जे वाटते तेच लिहिण्याचा आग्रह धरू नये. ज्या बाजूची दोन कारणे आणि दोन उदाहरणे इंग्रजीत चटकन सुचतात, ती बाजू घ्यावी. परीक्षक आपल्या मतांची तपासणी करत नाही. मत स्पष्ट आहे का, ते शेवटपर्यंत टिकले आहे का आणि त्याला आधार दिला आहे का, एवढेच तो पाहतो.

तिसऱ्या ते पाचव्या मिनिटांत दोन मुख्य परिच्छेदांचा सांगाडा उभा करावा. आपल्या उदाहरणात पहिल्या परिच्छेदाचा मुद्दा असा ठेवता येईल की डिजिटल साहित्य इमारतीपर्यंत येऊ न शकणाऱ्या वाचकापर्यंत पोहोचते. उदाहरण म्हणून दृष्टी कमजोर असलेला वाचक घ्यावा, जो अक्षरे मोठी करून वाचू शकतो किंवा मजकूर ऐकू शकतो. दुसऱ्या परिच्छेदाचा मुद्दा : विकत घेतलेले छापील पुस्तक कपाटात राहते, पण डिजिटल पुस्तकाचा परवाना ठरावीक मुदतीचा असला तर मुदत संपताच ते हातचे जाते, आणि ज्यांच्याजवळ उपकरण नाही त्यांना त्याचा काहीच उपयोग होत नाही. निवाडा : फायदे अधिक, पण छापील संग्रह मोडीत काढला नाही तरच. कागदावर हे सारे चार त्रोटक ओळींत मावते. प्रश्नपत्रिकेवरची ही टिपणे तपासली जात नाहीत. म्हणून त्यात मराठी, इंग्रजी, बाण, चिन्हे काहीही चालते.

सहावे मिनिट शब्दांसाठी राखून ठेवावे, आणि अनुभवाने सांगायचे तर हेच मिनिट सर्वाधिक वेळ वाचवते. या विषयावर लिहिताना कोणते पाच-सहा शब्द लागतील ते तेव्हाच शोधून ठेवावेत : अ‍ॅक्सेस, प्रिंटेड कलेक्शन, सबस्क्रिप्शन, एल्डरली, व्हिज्युअली इम्पेअर्ड. समजा, यातला शेवटचा शब्दप्रयोग काही केल्या आठवत नाही. तर त्याच मिनिटात "पीपल हू कॅनॉट सी वेल" असा साधा पर्याय लिहून मोकळे व्हावे. हाच शब्द विसाव्या मिनिटाला, वाक्य अर्धे झाल्यावर अडला असता तर छताकडे पाहत दीड मिनिट गेले असते आणि हाती घेतलेल्या वाक्याचा धागाही सुटला असता. मनात मराठीत वाक्य रचून त्याचे इंग्रजी करण्याची सवय असणाऱ्यांना हा अडथळा वारंवार येतो. त्यांनी आराखडाच शक्य तेवढा इंग्रजी शब्दांत लिहिण्याची सवय लावून घ्यावी, म्हणजे पुढचे भाषांतर आपोआप कमी होते.

आता लेखनाची २८ मिनिटे. प्रस्तावनेला ४, दोन मुख्य परिच्छेदांना प्रत्येकी १० आणि समारोपाला ४, अशी विभागणी पुरेशी होते. शब्दांत बोलायचे तर ४०, ९५, ९५ आणि ३५, म्हणजे एकूण २६५. मिनिटाला साधारण साडेनऊ शब्दांचा हा वेग आराखडा तयार असल्यावर बहुतेकांना जमतो. प्रस्तावनेत मात्र हात आखडता घ्यावा. मानवी इतिहासात पुस्तकांचे स्थान काय आहे इथपासून सुरुवात करणे म्हणजे नमनालाच घडाभर तेल घालवणे होय. विषय स्वतःच्या शब्दांत मांडणारे एक वाक्य आणि आपला निवाडा सांगणारे दुसरे, एवढ्यावर थांबावे. मुख्य परिच्छेदात आधी मुद्दा, मग त्याचे कारण, मग उदाहरण, असा क्रम धरला की पुढचे वाक्य कोणते हे शोधावे लागत नाही. तिसरा मुद्दा ऐन वेळी सुचला आणि तो फार चमकदार वाटला, तरी तो सोडून द्यावा. आराखडा मोडून आत घुसवलेला मुद्दा बहुधा अर्धवट राहतो आणि आधीच्या दोन मुद्द्यांची मिनिटेही खाऊन टाकतो.

चुकलेला शब्द खोडण्यासाठी एक आडवी रेघ पुरते. रबराने पुसून त्याच जागी सुबक अक्षरात पुन्हा लिहिण्याचा मोह अनेकांना होतो, पण सुबकपणाला वेगळे गुण नाहीत; अक्षर वाचता आले की काम भागते.

पहिल्या उत्तराची २० मिनिटे

इथे ३ मिनिटे पाहणी, १४ मिनिटे लेखन आणि ३ मिनिटे तपासणी असा हिशेब ठेवावा. नवे मत शोधायचे नसल्याने मिनिटाला १२ शब्दांचा वेग इथे गाठता येतो. आलेखाच्या प्रश्नात खरे कौशल्य वगळण्याचे असते. चार रेषा आणि सहा वर्षे म्हणजे २४ आकडे झाले; त्यांतले सात-आठ निवडायचे असतात : सर्वांत मोठा, सर्वांत लहान, जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात तो बिंदू, आणि सुरुवात व शेवट. एकूण चित्र सांगणारी दोन वाक्ये, ज्यांना ओव्हरव्ह्यू म्हणतात, ती प्रस्तावनेला लागूनच लिहून टाकावीत. शेवटी लिहू असे म्हणणाऱ्यांची ती वेळेअभावी राहून जातात आणि त्याचे मोल मोजावे लागते. आकडे का वाढले किंवा का घटले, याची कारणे प्रश्नाने मागितलेली नसतात. ती देण्यात वेळ दवडू नये.

पत्राच्या प्रश्नात तीन मुद्दे दिलेले असतात आणि तिन्हींना उत्तर द्यावे लागते. पत्र कोणाला आहे त्यावरून भाषा औपचारिक की घरगुती हे पहिल्याच मिनिटात ठरवावे, कारण मध्येच सूर बदलला तर सगळे पत्र पुन्हा लिहावे लागते. बाकी पत्राला फार नियोजन लागत नाही.

तपासणी

तपासणीची सहा मिनिटे सुधारित आवृत्ती लिहिण्यासाठी नसतात. सरावाच्या तपासलेल्या उत्तरांतून आपल्या तीन नेहमीच्या चुका शोधून ठेवाव्यात आणि फक्त त्यांच्याच मागावर जावे. मराठी मातृभाषा असणाऱ्यांच्या लेखनात आर्टिकल्स, म्हणजे "अ", "अ‍ॅन", "द", आणि एकवचनी कर्त्यापुढच्या क्रियापदाचा "एस" या दोन चुका वारंवार सापडतात. तिसरी ज्याची त्याची वेगळी असते. उत्तर एकदा आर्टिकल्ससाठी, एकदा क्रियापदांसाठी असे वेगवेगळे वाचावे. सगळ्या चुका एकाच वाचनात शोधू पाहणारा डोळा आपण लिहिलेल्याऐवजी लिहायला हवे होते तेच वाचू लागतो. संगणकावरील परीक्षेत स्पेलिंगची लाल रेघ येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. सरावही ती सोय बंद ठेवूनच करावा.

इतर परीक्षांसाठी हे वाटे बदलावे लागतात. केंब्रिजच्या बी२ फर्स्टमध्ये ८० मिनिटांत १४० ते १९० शब्दांची दोन उत्तरे असतात, तर सी१ अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ९० मिनिटांत २२० ते २६० शब्दांची दोन. दोन्ही उत्तरांना समान गुण असल्याने तिथे वेळही निम्मा-निम्मा वाटावा. दुसऱ्या भागात तीन विषयांतून एक निवडायचा असतो, त्या निवडीला दोन मिनिटांपेक्षा जास्त देऊ नयेत.

वेळापत्रक कोलमडले तर

इतके करूनही एखाद्या दिवशी गणित चुकतेच. पहिले उत्तर २० व्या मिनिटाला अपुरे असेल आणि १५० शब्दांचा टप्पा ओलांडला असेल, तर हातातले वाक्य पूर्ण करून पुढे जावे. टप्पा गाठला नसेल तर तीन मिनिटांची मुदत स्वतःला द्यावी, त्याहून अधिक नाही. ही तीन मिनिटे निबंधाच्या तपासणीतून वजा करावीत, आराखड्यातून नव्हे.

निबंधात दहा मिनिटे उरली असताना दुसरा मुख्य परिच्छेद सुरूही झाला नसेल, तर तो ९५ ऐवजी ६० शब्दांचा करावा : मुद्द्याचे एक वाक्य, कारणाचे एक आणि उदाहरणाचे एक. यात सहा मिनिटे जातात. उरलेल्या वेळेत समारोप लिहावा. उरलेले मुद्दे टिपणांसारखे एकाखाली एक मांडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण उत्तर सलग, पूर्ण वाक्यांत असणे अपेक्षित असते आणि यादी लिहिल्याने गुण कमी होतात. अगदी दोनच मिनिटे उरली असतील, तर चालू परिच्छेद आहे तिथे संपवावा, ओळ सोडावी आणि आपला निवाडा सांगणारे एकच पूर्ण वाक्य लिहावे. ते वाक्य प्रस्तावनेतील मताशी जुळते आहे का, एवढे पाहण्यापुरते शेवटचे अर्धे मिनिट हाताशी राहते.